दिवस मावळल्यानंतरचं ताट

माझ्या आईच्या मिटलेल्या ओठांवर केकचा तुकडा दाबला जात होता आणि मी टाळ्या वाजवत होते.

कोल्हापुरातलं वृद्धांचं नर्सिंग होम. संध्याकाळचे सव्वासात. कुणा बिल्डरसाहेबांचा पन्नासावा वाढदिवस. अशा माणसांना वाढदिवसाला म्हातारी माणसं आठवतात. हॉटेलात फोटो काढले तर माज दिसतो, इथं काढले तर मन मोठं दिसतं. टाळ्या वाजवायला आम्हा घरच्यांनाही बोलावलं होतं. साहेब सहाला येणार होते, सातला आले. पाचपासून सगळ्यांना पावडर फासून ओळीनं बसवून ठेवलं होतं. त्यात माझी आई. कुरुंदवाडजवळच्या खेड्यातली, जैन शेतकऱ्याची बायको, वय अठ्ठ्याहत्तर. तिला मी अव्वा म्हणते, आमच्याकडं आईला तसंच म्हणतात.

अव्वा दिवस मावळल्यावर काही खात नाही. पाण्याचा थेंबही घेत नाही. चाळीस वर्षांचा नेम आहे तिचा. मी स्वतः दहा वाजता जेवते, मला त्यातलं काही जमत नाही. पण तिचा नेम तिचा आहे. संस्था चालवणाऱ्या मॅडमना मी पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं, संध्याकाळचं जेवण तिला साडेपाचला द्या म्हणून. त्यांनी मान हलवली होती.

त्याच मॅडम आता साहेबांना म्हणत होत्या, "या आजींना भरवा ना, छान फोटो येईल."

साहेबांनी तुकडा पुढं केला. अव्वानं तोंड फिरवलं. मॅडमनी तिची हनुवटी धरली आणि दोन्ही गाल दाबले. "आ करा आजी, आ. असं लहान मुलासारखं नाही करायचं."

सगळे हसले. केकचं क्रीम नाकात गेलं. फोटो निघाला. साहेबांनी आपली बोटं रुमालाला पुसली. अव्वाचं तोंड तसंच.

तेव्हा कुठं माझे हात थांबले. मी पुढं होऊन ओढणीनं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाले, "मॅडम, ती रात्रीचं खात नाही. मी सांगितलं होतं."

मॅडम हसत हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एवढं जपायचं होतं तर घरी ठेवायचं. इथं टाकून जायचं आणि वर आम्हाला शिकवायचं."

आणि मी काय म्हणाले? "सॉरी मॅडम."

अव्वाचा खुबा मोडला होता. मी आणि नवरा, दोघंही कागलच्या एमआयडीसीत शिफ्टवर. भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हे सगळं मॅडमना ठाऊक होतं. पण टाकून हा शब्द ऐकला की माझ्यासारख्यांची मान आपोआप खाली जाते, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. या सॉरीची मला आजही किळस येते.

अव्वाची खुर्ची ढकलत मी खोलीत आले. तिथल्या मावशी तिचे कपडे बदलू लागल्या. मी दर रविवारी यायचे, चार ते पाच, ठरवून दिलेल्या वेळेत, हॉलमध्ये. तेव्हा ती शाल गुंडाळून बसलेली असायची. तिला इथं ठेवून चार महिने झाले होते. पहिल्या महिन्यानंतर तिची पाठ आजच पाहिली. बरगड्या मोजता आल्या असत्या. मनगटावर काळानिळा वळ होता.

मी मावशींकडं बघितलं. त्यांनी आधी दाराकडं पाहिलं.

"ताई, माझं नाव सांगू नका. साडेसातला ताट ठेवत्यात, आठला उचलत्यात. आजी हात लावत न्हाईत. दुपारची अर्धी चपाती उशीखाली ठेवायच्या, पाचला खायला. मॅडमनी बघितलं. मुंग्या होत्यात म्हणून हातावर पट्टी मारली."

"अव्वा, मला का नाही सांगितलंस?"

"तू आदीच दमून यायचीस की. आनी तुला कशाला घोर."

चार महिने एका वेळच्या जेवणावर. आणि मी दर रविवारी विचारायचे, जेवतेस ना. ती म्हणायची, व्हय.

मी ऑफिसात गेले. फाईल मागितली. मॅडमनी ती मोठ्या ऐटीत पुढं सरकवली, कारण कागद त्यांच्या बाजूचा होता. रोजची एकच ओळ, एकाच अक्षरात. रात्रीचं जेवण स्वेच्छेनं नाकारलं. पहिल्या पानावर माझी सही, जेवणाबाबत संस्था जबाबदार नाही म्हणून. भरतीच्या गडबडीत न वाचता केलेली. हा गाढवपणा माझा, तो मी कुणावर ढकलत नाही.

मग पर्युषणाच्या, आमच्या उपासांच्या पर्वाच्या, दिवसांची पानं काढली. भरतीनंतरच्या पहिल्याच महिन्यात ते दहा दिवस अव्वा माझ्या घरी होती, नवऱ्यानं आणि शेजाऱ्यांनी खुर्चीसकट वर चढवली होती. त्या दहाही दिवसांपुढं तीच ओळ. रात्रीचं जेवण स्वेच्छेनं नाकारलं.

मी एकेका पानाचा फोटो काढायला लागले. इतका वेळ गोड असलेल्या बाईंचा आवाज चढला. फाईल ओढली. मग दुसरा कागद आला. मी आईला स्वखुशीनं नेत आहे, माझी काही तक्रार नाही. "इथं सही करा आणि घेऊन जा."

"करणार नाही."

"सही नाही तर पेशंट सोडता येत नाही."

"मग पोलीस येऊन सोडवतील. फोन तुम्ही लावता की मी लावू?"

हॉलमध्ये साहेब अजून केक खात होते. मॅडमनी एकदा तिकडं बघितलं आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. एवढाच दम होता त्यांचा. पाहुण्यांसमोर पोलीस नकोत, बस्स. इतके दिवस मी या बाईंना घाबरत होते.

अव्वाला घरी आणलं. शेजारच्या काकू साडेपाचला तिला जेवायला वाढतात. मी प्रांत कचेरीत तक्रार दिली. त्या खोलीतल्या बाकीच्या चार म्हाताऱ्यांच्या मुलांना फोन केले. एक म्हणाला, "कशाला वाकडं घेता ताई, त्या लई मोठ्या वळखीच्या हैत." दुसऱ्यानं ठेवूनच दिला. तेही माझ्यासारखेच, लाजेनं गप्प झालेले. ती लाज आहे म्हणूनच मॅडमचं बरं चाललंय. मी त्यांना पुन्हा फोन करणार आहे, ते वैतागेपर्यंत.

बिल्डरसाहेबांचा माणूस येऊन गेला. मिटवून टाका म्हणाला. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही.

सोमवारी सुनावणी आहे. अव्वा स्वतः येणार म्हणते. "मी सांगतो की त्यास्नी. घाबरायला काय झालंय?"

मॅडम वकील घेऊन येतील. येऊ देत. तारखा पडतील, पडू देत. त्या बाईंच्या हाताखाली एकही म्हातारं माणूस राहणार नाही, तोवर मी रजा टाकत राहणार. नोकरी गेली तरी.