बाबांच्या लोकरीचे मोजे

डुगल मॅकफीचे पाय पाहुण्यांना त्याच्या तोंडापेक्षा जास्त ओळखीचे होते. बावीस वर्षं तो हॉटेलच्या पायरीवर किल्ट, म्हणजे चौकड्यांचा पुरुषी घागरा, घालून, काखेतला बॅगपाइप पाहुण्यांच्या स्वागताला वाजवत उभा होता. वर किल्ट, खाली मोजे, आणि मधे चार बोटं उघडे गुडघे. "गुडघ्यांना थंडी वाजत नाही," असं तो येईल त्याला सांगे, आणि ते खरंच होतं. थंडी वाजायची ती खाली, मोज्यांच्या आत. ते मात्र सांगायची सोय नव्हती, कारण मोजे शीनाने विणलेले असत.

शीना त्याची थोरली बहीण; दोघं एकाच घरात राहत. डुगल अकरा वर्षांचा होता तेव्हा वडील गेले. आई आधीच गेलेली. शीना तेवीस वर्षांची होती. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा कॅनडाला निघाला होता, दोघांची बोटीची तिकिटं काढून झाली होती. मुलगा बोटीने गेला, ती डुगलसाठी मागे राहिली. या गोष्टीचा तिने पन्नास वर्षांत एकदाही उच्चार केला नाही, आणि डुगलची खरी पंचाईत तीच होती. बोलून दाखवणाऱ्या बाईशी निदान भांडता तरी येतं! हा आपला दर रविवारी तिच्या हातचं मटणाचं सूप पिऊन "छान झालंय" म्हणायचा.

वडील मेंढपाळ. त्यांच्या शेवटच्या कातरणीची लोकर शीनाने लाकडी पेटीत जपून ठेवली होती. त्यातली थोडी थोडी कातून ती दर हिवाळ्याला डुगलसाठी दोन जोड विणायची. पेटी रिकामी झाली त्याला सात वर्षं झाली होती. पण थांबेल ती शीना कसली! थंडी सरली की ती जुने जोड उसवी, लोकर धुऊन वाळवी आणि त्याच लोकरीचे पुन्हा नवे जोड विणी. धागा झिजत चालला, वीण विरळ होत चालली. यंदाचा मोजा उजेडाला धरला तर पलीकडची खिडकी दिसत होती.

"बाबांची लोकर आहे. तिला वारा शिवत नाही," शीना म्हणायची.

वाऱ्याला हे कुणी कळवलं नव्हतं. डिसेंबर लागला आणि डुगलच्या पायाच्या बोटांवर जांभळ्या गाठी उठल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जाड मोजे घाल, नाहीतर मार्चपर्यंत घरात बस. हॉटेलची मॅनेजर म्हणाली, विजार घाल. विजार घालून पायरीवर पाइप वाजवायचा? त्यापेक्षा घरात बसलेलं बरं, आणि घरात बसायचं म्हणजे दिवसभर शीनासमोर. डुगलला दरदरून घाम फुटला.

त्या संध्याकाळी त्याने धीर केला. "शीना, या मोज्यांचं जरा..."

"काय झालं? पोटरीला घट्ट होतात?"

"नाही, नाही. छान आहेत."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! शेवटी सुट्टीच्या दिवशी, दात दाखवायला जातो असं सांगून त्याने इन्व्हरनेस शहराची बस पकडली. तिथे किल्टच्या दुकानात श्रीमती टलॉक होत्या, हातात टेप घेऊन.

"पोटरी किती?"

"शीनाला माहीत आहे."

"पोटरी तुझी की शीनाची?" त्यांनी माप घेतलं आणि तीन जोड पुढे टाकले. "पांढरे लग्नाला. वाऱ्यात उभं राहणाऱ्याने दाट विणीचे घ्यावेत. वरची दुमड रुंद बघ, म्हणजे पोटरीवर दुहेरी लोकर येते. आणि बूट घालून बघ. फार जाड घेतलेस तर बूट आवळतो आणि पाय आणखी गार पडतो. आता निवड."

निवड! एकसष्ट वर्षांत हा शब्द त्याला कुणी म्हटला नव्हता. तो तासभर तिथे बसला. मोज्यात हात घालून पाहिला, गालाला लावून पाहिला, श्रीमती टलॉकनी दोनदा घड्याळ पाहिलं तरी उठला नाही. शेवटी त्याने शेवाळी रंगाचा, रुंद दुमडीचा जोड घेतला.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात जाऊन त्याने मोजे बदलले आणि पायरीवर येऊन उभा राहिला. गारांचा पाऊस होता. पाय मात्र उबदार होते, अगदी बोटांपर्यंत! त्या दिवशी तो इतका मनापासून वाजवत होता की आतले पाहुणे दारात आले. त्या आनंदात परतताना मोजे बदलायचे विसरून गेला.

शीनाने दार उघडलं आणि खाली पाहिलं. मग वाकून तिने लोकर बोटांनी चाचपली.

"कुठले?"

"इन्व्हरनेसचे. शीना, माझे पाय..."

"ओले झालेत. काढ, धुऊन देते."

त्याने काढून दिले. दुसऱ्या दिवशी जुनेच मोजे घालून तो पायरीवर कुडकुडत उभा राहिला आणि एकच वाक्य घोकत राहिला: शीना, बाबांची लोकर आता पुरे झाली. आज बोलायचंच. पाहुण्यांना नमस्कार करतानाही ओठ तेच पुटपुटत होते. तिकडच्या हिवाळ्यात चारलाच अंधार पडे, तसा पडल्यावर तो घरी आला आणि टोपी न काढताच म्हणाला, "शीना!"

शीना शेकोटीपाशी बसली होती. तिच्या मांडीवर लोकरीचा एक गुंडा होता, अर्धा पांढरा, अर्धा शेवाळी. पायाशी नव्या मोज्याची रुंद दुमड तेवढी उसवायची राहिली होती. त्याने तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. आज तिचे डोळे भरले होते.

"डुगी, मला वाटायचं, मी डोळे मिटले की तू बाबांची लोकर चुलीत घालशील," ती म्हणाली. "आणि तू तिला जोड द्यायला नवी लोकर शोधत इन्व्हरनेसला गेलास! दाताचं सांगून! बाबांच्या लोकरीचा तुझा दुसरा जोड उसवला आणि दोन्ही धागे एकत्र पिळले. बघ कसा पीळ बसलाय. अजून पंधरा वर्षं या लोकरीला मरण नाही."

तिने टेप काढली. "ये, पाय पुढे कर."

डुगलने टोपी काढून खुंटीला अडकवली. एक दिवस, फक्त एक दिवस आपण सुटलो होतो, असं त्याला वाटलं.

"काहीतरी म्हणत होतास ना?" शीनाने विचारलं.

"दुमड जरा रुंद ठेव," तो म्हणाला, आणि त्याने पाय पुढे केला.