गिरणी चांगली हाय!

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे वेलांट्या जिथं जागा मिळाली तिथं बसल्या आहेत. अक्षर म्हणाल तर सांडलेल्या पिठातून कोंबडी चालत गेल्यासारखं. (ही वही कुणी वाचणार नाही. पण माफी मागून ठेवलेली बरी.)

तर, माझा आवाज असलेला एक अल्बम निघाला आहे.

अल्बम माझ्या लेकाचा, गणेशचा. पण त्यात सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी बाई मीच! आणि माझ्याइतकी हळू बोलणारी बाई अख्ख्या परळी तालुक्यात नसेल. तेलगावकडून येताना मला सिरसाळ्याला उतरायचं असतं. कंडक्टरला "थांबवा" म्हणायला मी तोंड उघडते, तोवर परळी येते. एकदा तर कंडक्टरच म्हणाला, "मावशी, परळीत सारखं काय काम निघतंय तुमचं?" मी नुसती मान हलवली. काय सांगणार!

आमची पिठाची गिरणी आहे. आमचे मालक गिरणी डोळ्यांनी बघत नाहीत, कानांनी बघतात. बाजेवर आडवे पडून, टोपी तोंडावर घेऊन सांगतात, "पट्टा ढिला झालाय," किंवा "कुणीतरी ओली ज्वारी टाकली बघ." डॉक्टर पेशंटच्या छातीला नळी लावतो ना, तसं मालकांचं गिरणीशी नातं आहे. गिरणी खोकली तरी ते उठून बसतात. माझ्या खोकल्याला कूस बदलतात.

गणेश पुण्यात कॉम्प्युटरवर नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी दोन मित्रांबरोबर गोंगाट करतो. गोंगाट हा शब्द माझा नाही, त्याचाच. त्या संगीताला नॉईज रॉक म्हणतात म्हणे. एक दिवस त्याचा फोन आला.

"आई, आमचा पहिला अल्बम करायचाय. गावाकडं येऊन करतो."

"कावून रे? पुण्यात जागा न्हाई का?"

"पुण्यातल्या स्टुडिओत आवाज लई स्वच्छ येतो. आमाला खरबरीत पायजे. कच्चा. जड."

मी म्हणाले, "मग भरड दळण पायजे म्हण की!"

"बरोबर! तेच पायजे!" तो इतका खूश झाला की मला काळजीच वाटली.

मग हळूच त्यानं खरी गोष्ट काढली. ड्रम, स्पीकर, यंत्रं सगळं भाड्यानं आणायचं आणि पैसे कमी पडत होते. त्याच महिन्यात माझी भिशी लागली होती. ती मालकांनी गिरणीच्या नव्या दगडांसाठी राखून ठेवायला सांगितलेली. पण लेकरू लहानपणापासून काही मागत नाही (माझ्यावरच गेलंय). मी देऊन टाकली.

मालकांना न सांगता नाही हं! सांगितलं. गिरणी चालू असताना सांगितलं, एवढंच. त्यांनी "हं" म्हणून मान हलवली. मी समजले, परवानगी मिळाली.

पोरं टेम्पो घेऊन आली. गणेश, ड्रम बडवणारा कबीर आणि गिटारवाला निनाद. गिरणीच्या मागं आमची कडबा ठेवायची पत्र्याची खोली आहे, तिथं त्यांनी सगळं मांडलं. पोरं गुणाची. कबीर तर जेवताना म्हणाला, "काकू, अशी भाकरी मी कधीच खाल्ली नाही." मी लाजून त्याला आणखी एक वाढली, त्यानं लाजून ती खाल्ली, आणि असं बराच वेळ चाललं.

मालकांनी विचारलं, "पेटी कुठाय?"

"पेटी न्हाई पप्पा."

"तबला?"

"तबला पण न्हाई."

"मग भजन कशावर म्हणता बे?"

गणेशनं मालकांना समजावणं सोडून दिलं. चूक तिथंच झाली. मला मात्र स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, "आई, झोळीत होतो तवापासून गिरणीचा आवाज माझ्या कानात हाय. अल्बममध्ये ती पायजे. गिरणी चालू झाली की आमी तिच्यासंगं वाजवणार, बंद झाली की आमी बंद." गिरणी आणि खोली यांच्यामध्ये एक झरोका आहे, त्यात निनादनं आवाज टिपणारं, सेलवर चालणारं एक छोटं यंत्र टांगलं. सामान त्याच संध्याकाळी परत जाणार होतं आणि लाईट पाचला जाणार होती. तेवढ्यात अल्बम झाला तर झाला, नाहीतर माझी भिशी वाऱ्यावर!

दुपारी लाईट आली. बायका डबे घेऊन ओळीनं बसल्या. मालकांनी गिरणी चालू केली आणि बाजेवर आडवे झाले.

आणि पोरांनी सुरू केलं.

तो आवाज कसा सांगू? पत्र्याची कोठी दगडावरून ओढत न्यावी, तिच्यात एक चिडलेला रेडा असावा, आणि त्याला वरून कुणी शिव्या देत असावं! मालक बाजेवरून उठले नाहीत, उडाले. "दगड गेला! दगड गेला!" म्हणत धावत जाऊन त्यांनी बटण बंद केलं.

गिरणी थांबली. ठरल्याप्रमाणे पोरंही थांबली. शांतता.

मालकांनी आत डोकावून पाहिलं, काही दिसेना. पुन्हा चालू केली. पुन्हा रेडा! बंद केली, रेडा बंद. असं चार-पाच वेळा झाल्यावर कुणाचीही खात्री पटेल. मालकांनी सिरसाळ्याहून मेस्त्रीला बोलावलं.

मी मागच्या चुलीवर पोरांसाठी पिठलं करत होते. बाहेर येऊन बघते तर रज्जाकभाई मेस्त्रींनी गिरणीचा पट्टा उतरवलेला, वरचा दगड काढून भिंतीला टेकवलेला, आणि मालक त्या दगडाकडं मयताला आल्यासारखे बघत बसलेले! मला सगळं समजलं. फक्त सांगायचं होतं.

मी शेजारच्या कौसाबाईजवळ गेले. "कौसाबाई, तो आवाज..."

"गप गं सुमन! गडीमाणसं बोलायलीत."

मग मी रज्जाकभाईंजवळ गेले. परका माणूस, त्यात ओळीनं बसलेल्या बायका. मी पदर सावरला, घसा साफ केला आणि म्हणाले, "चहा घेता का?"

"हां भाभी, शक्कर कम."

झालं, मी चहा करायला गेले! चहा देऊन येते तोच मागून गणेश. "आई, गिरणी कावून बंद हाय? चार-पाच तुकडे मिळाले, तेवढीच गाणी धरली. शेवटचं तेवढं राहिलंय. पाच वाजत आले! तू पप्पांना सांग ना."

"तू सांग की."

"मी खोलीबाहेर आलो तर कबीर वायरी सोडायला लागतो. जायची घाई झाली त्याला. सांग ना आई!" आणि पळाला. लेक माझाच. बोलायची वेळ आली की पळतो.

इकडं रज्जाकभाईंनी डोकं खाजवलं. "दादा, दगड में तो कुछ नहीं. बेरिंग भी अच्छा. एक बार चलाके देखेंगे."

दगड बसवला, पट्टा चढवला, बटण दाबलं.

मघाचा रेडा एकटा होता. आता त्यानं भाऊबंद आणले होते! पोरांना माहीत होतं, हे शेवटचं गाणं. पत्रे थडथडले. दळणाच्या डब्यांची झाकणं नाचायला लागली. कौसाबाईंनी आपला डबा उराशी धरला. रज्जाकभाईंनी चहाची बशी खाली ठेवली आणि मोठ्यानं ओरडले, "दादा, ये गई! इसका कुछ नहीं हो सकता!"

मालक कपाळाला हात लावून माझ्याकडं वळले. "गण्याची आई! ती भिशी काढ! आत्ताच्या आत्ता नवे दगड आणायला जातो!"

"अहो..."

"आँ? ऐकू येईना! मोठ्यानं बोल!"

लग्न झाल्यापासून हे मला पहिल्यांदाच म्हणाले, मोठ्यानं बोल. मी डोळे मिटले, पदर कमरेला खोचला आणि आयुष्यभर न बोललेलं सगळं एकदम घशात आणून ओरडले,

"गिरणी चांगली हाय! गिरणीला काय धाड भरली न्हाई! तुमच्या लेकाचं गाणं हाय ते! अन् भिशीचे पैसे..."

इथं पाच वाजले आणि लाईट गेली. गिरणी थांबली. स्पीकर थांबले. ठरल्याप्रमाणे कबीरचे ड्रमही थांबले. पानसुद्धा हलेना. आणि मी, डोळे मिटलेलेच, त्या शांततेत पूर्ण ताकदीनं,

"मी त्यालाच देऊन टाकलेत!"

हे वाक्य पार वेशीपर्यंत गेलं असं लोक सांगतात.

डोळे उघडले तर सगळी ओळ माझ्याकडं बघत होती. मालकांनी कपाळावरचा हात खाली घेतला. मग हळूच म्हणाले, "एवढा आवाज होता व्हय तुझ्यात?"

"आमच्या दळणाचं काय?" कौसाबाईंनी विचारलं. लाईट उद्यावर गेली होती. त्या दिवशी आमच्या आळीत सगळ्यांनी भात खाल्ला आणि घासागणिक माझी आठवण काढली.

मी तोंड लपवायला कडब्याच्या खोलीत शिरले, तर तिथं पोरं नाचत होती! झरोक्यातल्या सेलवरच्या यंत्रात माझं सगळं ओरडणं उतरलं होतं. "काकू, याहून कच्चं आणि जड काहीच नाही!" निनाद म्हणाला. मला वाटलं, भाकरीबद्दल बोलतोय.

अल्बम निघाला. शेवटच्या गाण्याचं नावच "गिरणी चांगली हाय". गणेशनं मालकांना तो मोबाईलवर ऐकवला. त्यांनी बाजेवर पडून, टोपी तोंडावर घेऊन, सगळा ऐकला. शेवटी म्हणाले, "गिरणी झकास वाजलीय. मधीमधी तुमचा गोंगाट येतोय, तेवढा काढ."

पुण्यात त्यांचे कार्यक्रम व्हायला लागले. पोरं-पोरी म्हणे शेवटी एका सुरात ओरडतात, "गिरणी चांगली हाय!" प्रत्येक कार्यक्रमानंतर गणेश भिशीतले थोडे थोडे पैसे पाठवत राहिला, आणि परवा घरी येऊन राहिलेले सगळे माझ्या हातात ठेवले. एक रुपयाही बाकी नाही.

ते घेऊन मी गिरणीवर गेले. त्या दिवसापासून मी जवळ गेले की मालक आधी बटण बंद करतात. आताही तसंच केलं. "हं, बोल. काय हाय?" ओळीतल्या बायकाही गप्प होऊन, माना उंचावून ऐकायला लागल्या. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

शेवटी मीच हात लांबवून बटण दाबलं, गिरणी चालू केली, आणि मग त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "सगळे पैसे फिटले."