विहीणबाईंनी उभ्यानं सांगितलेलं गाऱ्हाणं

माझी विहीण गेली त्याला आज वर्ष झालं, आणि वर्षभरात माझ्याशी धड भांडेल असं एक माणूस भेटलं नाही.

मला अक्षर येत नाही. मी बोलतेय, नात टाइप करतेय. नात आमच्या दोघींची, म्हणून कुणाचीच बाजू घेत नाही.

अनुसयाबाई. माझ्या मुलीची सासू. नवी मुंबईत शिरवण्यात राहायची, पावण्याला औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला होती.

रिटायर झाली, फंडाचे पैसे आले. सगळे घेऊन बँकेत गेली.
"एफडी करा. महिन्याला व्याज येऊ दे. औषधापाण्याला पोरापुढं हात पसरायचा नाय मला."

एवढंच हवं होतं तिला.

बँकेतल्या टायवाल्या पोरानं "आई, आई" करत चहा पाजला. एफडीसारखंच आहे, पण भारी आहे म्हणाला. सही तेवढी येत होती तिला. केली.

वर्षानं फोन आला. "मॅडम, दुसरा हप्ता भरा."

कसला हप्ता?

ती एफडी नव्हतीच. विमा होता. दरवर्षी तेवढेच पैसे भरायचे, नाहीतर भरलेले बुडाल्यात जमा.

ती जेवेना. बोलेना. मला काळजी कुणाची? खरं सांगते, आधी माझ्या मुलीची. सासूचे पैसे बुडाले की सगळ्या घराचा राग सुनेच्या ताटात पडतो.

विमा कंपनीला अर्ज केला. उत्तर आलं, तुम्हाला सगळं समजावलं होतं, फोनवर तुम्ही हो म्हणालात.

आता आमच्या आवाक्यातलं एकच दार उरलं. लोकपाल. विम्याच्या तक्रारी ऐकणारे साहेब. तिथंही नाही म्हणाले तर संपलं.

नेरूळला एकजण असले क्लेम करून देतो म्हणून कळलं. जावई आम्हा दोघींना घेऊन गेला. एसी, काचेचं टेबल.

"आजी, टेन्शन घेऊ नका. लिहिणार मी, लढणार मी. पाच हजार आत्ता. पैसे मिळाले की त्यातले तीस टक्के."

"आणि नाय मिळाले तर?" मी विचारलं.

"निगेटिव्ह बोलू नका, आजी."

बाहेर रस्त्यातच आमची जुंपली.

"देऊन टाका त्याला," मी म्हटलं. "निदान सत्तर टक्के तरी येतील. तुमी बोलायला गेलात तर दोन मिनिटांत शिव्या द्याल."

"शिव्या मी फक्त तुमाला देते."

"मग माझा फोटो लावू नका समोर, म्हणजे झालं."

हसली नाही.

"विहीणबाई, आपल्या गावकीत ज्याचं गाऱ्हाणं त्यानंच सांगायचं असतं. दुसऱ्याच्या तोंडानं सांगितलं की ते त्याचं होतं."

गावकी म्हणजे आमच्या कोकणातल्या बौद्धवाडीची मुंबईतली बैठक. तंटे तिथं मिटतात. नवरा गेल्यावर दिरानं घरातला हिस्सा नाकारला, तेव्हा ही त्या बैठकीत एकटी उभी राहिली होती. हिस्सा घेऊनच बसली.

पण हे काय वाडीतलं भांडण होतं?

अर्ज तिनं सांगितला, नातीनं लिहिला. फी काही नाही. जावई धुसफुसत होता. "आये, फुकटात न्याय मिळतो काय कुठं?"

सुनावणी व्हिडिओ कॉलवर. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. एका चौकटीत साहेब, दुसऱ्या चौकटीत विमा कंपनीचा पोरगा.

नाव पुकारलं आणि ही बया उठून उभी राहिली.

जय भीम घातला. गाव सांगितलं, तालुका सांगितला, नवऱ्याचं नाव सांगितलं. गावकीत सांगतात तसं.

साहेबांना दिसत होत्या फक्त लुगड्याच्या निऱ्या.

"आजी, बसा. चेहरा दिसत नाही."

"गाऱ्हाणं बसून सांगत नाय, साहेब."

जावयानं कपाळ धरलं. मी मोबाइल उचलला आणि तिच्या तोंडासमोर धरला. हात भरून आला, मोबाइल हलायला लागला.

"हलवू नका ओ," मलाच म्हणाली. भर सुनावणीत.

कंपनीचा पोरगा बोलला, "सर, व्हेरिफिकेशन कॉलचं रेकॉर्डिंग आहे. मॅडम प्रत्येक प्रश्नाला यस म्हणाल्यात."

साहेबांनी विचारलं, "आजी, हो का म्हणालात?"

ती निऱ्या सारख्या करत राहिली.

माझी मुलगी दाराआड पदर तोंडात धरून उभी. एरवी मला एका शब्दाला दहा ऐकवणारी बाई, आता बोला की!

"साहेब, बँकेतला पोरगा बाजूला बसलेला. हो म्हणत जा म्हणाला. आणि पॅकिंगच्या बाईला आयुष्यात कुणी काय विचारत नाय, सांगतात. सांगितलं की हो म्हणायचं. इंग्लिशमधनं इचारतायत का सांगतायत, मला काय म्हाईत?"

साहेब लिहीत राहिले.

"नोकरी संपली होती तुमची. मग दरवर्षीचा हप्ता कशातून भरणार होतात?"

"तेच तर मी यांना इचारतेय!"

कंपनीच्या पोरानं तोंड उघडलं. "थांबा," साहेब म्हणाले.

निकाल यायला वेळ लागला. त्या दिवसांत आम्ही भांडलोही नाही, इतकी भीती होती.

पैसे परत आले.

हरली असती तर मी तिला जन्मभर ऐकवलं असतं. जिंकली, म्हणून तिनं मला ऐकवलं. प्रत्येक सणाला, पंगतीत, माणसं जमवून.

पैसे पोस्टात ठेवले. पहिलं व्याज आलं त्या दिवशी बांगडे घेऊन आली. "आजचा खर्च माझा."

"आये, कशाला?" जावई म्हणाला.

"जेव गप."

गेली तेव्हा उशाशी बीपीच्या गोळ्यांची पट्टी होती, अर्धी संपलेली. बिल तिच्याच बटव्यात. माझ्या मुलीनं अजून टाकलेलं नाही.

विहीणबाई, माझी आदरांजली घ्या. मनापासून आहे. यात टोमणा नाय.

जय भीम.