पोटरीतली कळ

बनारसच्या रेल्वे यार्डात सिग्नलच्या तारा सांभाळण्यात शरदिनी आठल्येची सव्वीस वर्षं गेली. बिघाड हुडकून काढल्याखेरीज घरी परतायचं नाही, असा तिचा खाक्या. फेब्रुवारीत एक जड बॅटरी वाकून उचलताना तिच्या कमरेत कट्कन वाजलं. कंबर दोन दिवसांत निवली, पण डावी पोटरी पेटली.

मंगला गौरीच्या देवळाजवळच्या घरात तिचा नवरा दत्तात्रेय रोज पोटरीला तेल चोळायचा.

"अहो, पोटरीत काही नाहीच," आठव्या दिवशी ती म्हणाली. "दाबली तर दुखत नाही, शिंकले की दुखते. असं का?"

पेन घेऊन तिनं कळेची वाट पायावरच आखली. कुल्ला, मांडीची बाजू, पोटरी, पावलाचा वरचा भाग आणि थेट अंगठा. ती रेघ घेऊनच ती दवाखान्यात गेली.

डॉक्टर विश्वजीत रेघ पाहून हसले. "ताई, आधी जाँच तर तुम्हीच करून आणलीत!"

तिला उताणं निजवून त्यांनी पाय सरळ वर उचलला. थोडा वर जातो न जातो तोच कळ सणकली. मग अंगठे वर ताणायला सांगून त्यांनी ते बोटानं दाबले. उजवा ठाम राहिला, डावा सहज खाली गेला. शरदिनी बघतच राहिली. आपल्याच अंगठ्यातली ताकद गेली आणि आपल्याला पत्ता नाही!

एमआरआयमध्ये कारण दिसलं. कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी फाटून आतला मऊ गर बाहेर आला होता आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर टेकला होता.

"मग कापून काढा की."

"घाई नको. बहुतेकांचा गर शरीरच हळूहळू जिरवतं. गोळ्या, चालणं, व्यायाम. सहा आठवडे बघू. पण अंगठा आणखी लुळा पडला, लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर तडक या."

"जिरवतं म्हणजे, खातं कोण त्याला?"

"तुमच्याच रक्तातल्या पेशी."

ते उत्तर तिला दिवसभर पुरलं.

दर रविवारी दत्तात्रेय तिचा अंगठा दाबून बघायचा. पाचव्या आठवड्यात कळ ओसरली. दहाव्या आठवड्यात अंगठ्याच्या जोरानं त्याचं बोटच मागे हटलं. श्रावणात ती पंचगंगा घाटाच्या पायऱ्या न थांबता चढली. पावलावर बोराएवढी जागा मात्र बधिर राहिली.

शेवटच्या खेपेला तिनं पुन्हा एमआरआय मागितला.

"दुखत नाही, मग कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"गर खरंच गेला का, ते बघायला."

त्यांनी मान हलवून नकार दिला. ती बरी होऊन कामावर गेली खरी, पण ती हळहळ तिला अजून आहे.