गाणे यादीत असेपर्यंत

विमानतळावरून कोबेकडे येताना गाडीच्या एका बाजूला समुद्र असतो आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. मधली पट्टी इतकी अरुंद की एवढे शहर तिच्यात मावले कसे, याचे नवल वाटत राहते. डोंगराच्या उतारांवर रुंद पानांची एक वेल माजली होती. तिचे नाव कुझू. ही वेल कधीकाळी जपानमधून अमेरिकेच्या दक्षिणेत नेली, आणि तिथली पडकी घरे, तारांचे खांब ती गिळून बसली. दाजी म्हणायचे, "ती आमच्या गावाला आली आणि परत गेलीच नाही. म्हणून मी तिच्या गावाला आलो."

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, गेल्या हिवाळ्यात हृदयविकाराने गेले.

ताई सान्नोमिया स्थानकाच्या फाटकाशी उभी होती. तिने आधी "भडंग आणलंस?" असे विचारले, आणि मग माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडली. येणारेजाणारे आमच्याकडे न पाहता बाजूने गेले. जपानमध्ये परक्याच्या दुःखाला अशी वाट करून देतात.

आईने मला एकाच कामासाठी पाठवले होते. ताईला आता कोबेतला संसार आवरून मिरजेला परत यायचे होते. पण तिची सोळा वर्षांची मुलगी नाओमी यायला तयार नव्हती, आणि कारणही सांगत नव्हती. मामाचे ती ऐकेल, अशी आईची समजूत.

दाजी अलाबामा राज्यातल्या एका लहान गावचे. पोस्टरवर त्यांचे नाव वेगळेच असे, आमच्या घरी ते डेल्मर दाजी. शाळेच्या बँडमध्ये ते अंगाभोवती गुंडाळायचे अजस्र पितळी वाद्य वाजवत. पुढे हिप-हॉपकडे वळले तेव्हा तो बँड, चर्चचा ऑर्गन, आजोबांचा माउथ ऑर्गन, सगळे त्यांनी बरोबर नेले. पहिली कॅसेट मावशीच्या लाँड्रीत रेकॉर्ड केली आणि पेट्रोल पंपांवर गाडीच्या डिकीतून विकली. तिच्यातले एक गाणे दक्षिणेत घरोघरी पोचले. तिन्हीसांजेला आई अंगणात खेळणाऱ्या आठ लेकरांना एकेकाचे नाव घेऊन घरात बोलावते आहे, एवढेच ते गाणे. दाजी हाक मारत आणि श्रोते ओरडत, "आलो!"

मग एका मोठ्या कंपनीने त्यांना उचलले. दुसऱ्या अल्बममध्ये त्यांनी खेड्यातले फिडल घेतले, प्रार्थना घेतली, मधेच पानभर कोरडे गद्य बोलले. रेडिओवाल्यांना हे कुठल्या खणात ठेवावे ते कळेना, आणि कंपनीने हात काढून घेतला. जपानमध्ये मात्र त्यांचे थोडे पण जिवाभावाचे श्रोते होते. त्यांच्या बोलावण्यावरून दाजी ओसाका-कोबेच्या लहान क्लबांत गायला आले. ताई तेव्हा मुंबईच्या बँकेतर्फे कोबेत होती. तिची त्यांची भेट गर्दीच्या गाडीत झाली. वाद्याच्या पेटीने दार अडले होते आणि दाजी प्रत्येकाची वेगवेगळी माफी मागत होते. "डबाभर माफी मागून झाल्यावर माझी पाळी आली," ताई सांगायची.

लग्नानंतर ते मिरजेला आले तेव्हा तंबोरे बनवणाऱ्यांच्या आळीत दिवसभर बसून राहिले. तंबोऱ्यापेक्षा भोपळा घासण्याचा आवाज त्यांना आवडला. कारागीर म्हणाले, "जावईबापू, वाद्य तयार झाल्यावर या की!" तो घासण्याचा आवाज त्यांच्या शेवटच्या अल्बममध्ये ठेक्याखाली वाजतो. तो अल्बम फार थोड्यांनी ऐकला.

ताईच्या घरात दाजींच्या वस्तूंचे ढीग लावलेले होते. मोएरु गोमी (जळणारा कचरा), मोएनाइ गोमी (न जळणारा कचरा) आणि सोदाई गोमी (मोठा कचरा, ज्याला नगरपालिकेची चिठ्ठी चिकटवावी लागते). पितळी वाद्याला चिठ्ठी लागली होती. मी ती काढायला वाकलो.

"राहू दे. गुरुवारी गाडी येते."

"मिरजेला नेऊ ना."

"त्याला वेगळं तिकीट लागेल. आणि तिथे वाजवणार कोण? तू?"

नाओमी शाळेतून आली. मी विचारले, "काय गं, मामावर रागावलीस का?"

"बेत्सुनि," (काही नाही) ती म्हणाली आणि खोलीत गेली.

"सोळा वर्षांच्या पोरींची ती राष्ट्रभाषा आहे," ताई म्हणाली.

असेच काही दिवस गेले. मी बंदरावर फिरलो, भाताबरोबर लोणच्याचे आंबट उमे (आलुबुखाराच्या जातीचे फळ) खायला शिकलो, चहाचा चोथा चुकीच्या पिशवीत टाकला आणि ती लाल चिठ्ठीसह दारात परत आली. मंगळवारी रात्री जेवताना नाओमी आपणहून बोलली. "मामा, उद्या आफ्टरनूनला फ्री आहेस?"

ती मला स्थानकाजवळच्या एका इमारतीत घेऊन गेली. जिना चढताच मी सवयीने बूट काढले.

"मामा, कराओके आहे हे! शूज घाल!"

काउंटरवरच्या बाईंनी नाओमीकडे पाहून हसत दोन बोटे वर केली. ती मानेने हो म्हणाली. एरवी ती एकटीच येत असणार. आम्हाला बिनखिडकीची एक लहान खोली मिळाली. एक सोफा, एक पडदा, दोन माइक आणि दोन ग्लास हिरवा मेलन सोडा.

"घरी मोठ्याने गायलं की शेजारी कम्प्लेंट करायचे," नाओमी म्हणाली. "म्हणून पापा इथे प्रॅक्टिस करायचे. एव्हरी वेन्सडे. मी पण यायची."

तिने यंत्रावर दाजींचे नाव शोधून ते हाकांचे गाणे लावले. कराओकेत गायकाचा आवाज नसतो. संगीतही मूळचे नव्हते, कोणीतरी यंत्रावर नव्याने जुळवलेले, पातळ. पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या, वर बारीक जपानी अक्षरांत उच्चार. ज्या क्षणी शब्द गायचा त्या क्षणी तो पांढऱ्याचा निळा होई. आईने एकेका लेकराला हाक मारली, ते नाव निळे झाले. पुढे कंसात श्रोत्यांचे "आलो" निळे झाले. दोन्ही माइक सोफ्यावर पडून होते.

मी माइक तिच्यापुढे केला. तिने तो परत ठेवला.

"मी गात नाही. फक्त लावते. पापा गायचे तेव्हा मशीन मार्क्स द्यायचं. त्यांच्याच गाण्याला काठावर पास!" ती हसली. "पापा म्हणायचे, या मशीनला एकदा चर्चमध्ये नेलं पाहिजे."

मग ती ग्लासातला बर्फ हलवत राहिली.

"कोणी लावलं नाही की कराओकेची कंपनी लिस्टमधून गाणं काढून टाकते. पापांची तीन होती. आता हे एकच. मी मिरजेला आले तर कोण लावणार?"

"मम्मीला सांगितलंस?"

"नाही. तू पण नको सांगू. ती म्हणेल, मोबाइलमध्ये सगळी गाणी आहेत. आहेत ना. पण त्यात पापा गाऊन झालेत. इथे अजून त्यांची जागा ठेवलीय."

बाहेर पडताना मी नाओमीला काउंटरवरच्या बाईंना विचारायला लावले, रोज कोणी लावले तर गाणे राहील का? त्यांनी वाकून काहीतरी सांगितले. नाओमीने भाषांतर केले, "त्यांच्या हातात नाही. कंपनी ठरवते." जिन्यावर ती म्हणाली, "मला माहितीये मामा. एकटीने लावून काही होत नाही. तरी."

घरी ताई वाट पाहत होती. "काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"का?"

"ते तिचं तिला सांगू दे."

"एवढा समुद्र ओलांडून आलास, आणि तेवढंही जमलं नाही तुला."

मी कप विसळत राहिलो. मग म्हटले, "ताई, घाई करू नकोस. तिचं शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं. तोवर थांब." तिने माझ्या हातातला कप काढून घेतला. "तुला मला न्यायला पाठवलं होतं की ठेवायला?" असे म्हणाली, पण थांबायला कबूल झाली.

गुरुवारी गाडी आली. दोघा कामगारांनी टोप्या काढून नमस्कार केला आणि ते वाद्य एखाद्या आजाऱ्याला उचलावे तसे दोन्हीकडून धरून जिन्याने खाली नेले. ताई दारात उभी राहिली. खाली गाडीचे झाकण पडले तेव्हा तिने आत येऊन दिवा लावला, भर सकाळी.

मी परतलो. रिकाम्या हाताने आलो म्हणून आई पुष्कळ दिवस माझ्याशी तुटक बोलली. प्रवासातून माणूस काहीतरी घेऊन येतो असे म्हणतात. मला मात्र वाटत होते की एका मुलीचे काम तिथेच तिच्याकडे ठेवून आलो, तेवढे एक बरे केले.

दिवाळीनंतर नाओमीचा निरोप आला. "मामा, आज सर्च केलं. नाही मिळालं. काउंटरवरच्या बाईंनी पण शोधलं. खूप वाकून सॉरी म्हणाल्या. मम्मीला सांगितलंय, मार्चमध्ये येऊ."

आईला मी शेवटचे वाक्य तेवढे वाचून दाखवले. ती लगबगीने उठली, माडीवरची खोली उघडली, खिडक्या पुसायला घेतल्या.

"एकदम कशी तयार झाली रे पोर?" तिने विचारले.

"तिथलं तिचं काम संपलं."

"बरं झालं बाई," आई म्हणाली, आणि पलंगावर धुतलेली चादर पसरू लागली. दुसरे टोक मी धरले.