अकोल्याच्या उन्हात थंड पडत गेलेलं ग्राफिक्स कार्ड

आधीच सांगतो, असले अनुभव मी आजवर हसायला म्हणून वाचत आलो. नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या गावात एका चिंचेखालून दिवेलागणीनंतर कोणी जात नसे, मी मुद्दाम जायचो. काही झालं नाही कधी. पण जे सांगणार आहे ते रात्रीचं नाही, स्मशानातलं नाही... भर दुपारचं आहे, अकोल्यातलं, मे महिन्यातलं. आणि मी एकटा नव्हतो.

कापसाचे फार वाईट दिवस होते ते. कापसातून सरकी, म्हणजे बी, वेगळी काढणारे जिनिंगचे कारखाने एकेक करून बंद पडत होते. इरफानचे अब्बा ज्या जिनिंगमध्ये फिटर होते, तेही बंद पडलं. इरफान म्हणजे अमरावतीच्या कॉलेजातला माझा रूममेट. त्याची मोठी बहीण नाझनीन, आम्ही दोघं तिला बाजीच म्हणायचो. बाजीला बाहेरच्या राज्यातल्या एका डिझाइन कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. सोबत स्वतः केलेली छोटी ॲनिमेशन फिल्म न्यायची होती. तिनं विषय घेतला होता सरकीच्या एका दाण्याचा — बोंडातून निघून जिनिंगच्या रोलरमधून जाणारा दाणा. इतकी सुंदर फिल्म होती की बस! फक्त ती रेंडर व्हायची होती, म्हणजे कॉम्प्युटरनं एकेक चित्र रंगवून तयार करायचं होतं. आणि मुलाखतीला जायची गाडी त्याच दिवशी संध्याकाळची.

कॉम्प्युटर इरफानचा, अकोल्यातल्या त्याच्या घरी जुन्या सुट्या भागांतून जुळवलेला, लिनक्सवर चालणारा. त्यातलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्रं रंगवणारा भाग, मी अमरावतीहून आणलेलं, बंद झालेल्या एका सायबर कॅफेतून, मूर्तिजापूरमार्गे एसटीत मांडीवर घेऊन. दुपारी हिशेब केला तर लक्षात आलं, या वेगानं फिल्म दुसऱ्या दिवशी सकाळीच होणार.

इरफान म्हणाला, "ओव्हरक्लॉक करू."

ओव्हरक्लॉक म्हणजे कार्डाला त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. पण जितका वेग तितकी उष्णता, याला अपवाद नाही. आणि बाहेर पंचेचाळीसच्या वर ऊन! कूलर सुरू असूनही खोलीतली भिंत हाताला चटका देत होती. कार्ड आधीच ब्याण्णव अंश दाखवत होतं. थोडं आणखी तापलं की ते जळणार, आणि मग ना कार्ड, ना फिल्म. मी नको म्हणालो. बाजी नुसती बॅग भरत राहिली. ते पाहून मीच कीबोर्ड ओढला.

लिनक्समध्ये एका फाईलमध्ये एक ओळ घातली की वेगाचं कुलूप उघडतं. ते उघडलं. कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलं, कार्डाचा पंखा पूर्ण वेगानं सोडला आणि वेग एक पायरी वाढवला. मी श्वास रोखून आकडा बघत होतो.

ब्याण्णवचे अठ्ठ्याऐंशी झाले.

मला वाटलं, पंख्यामुळे. आणखी वाढवला. ऐंशी. आणखी... एकाहत्तर. इरफान माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे.

"अबे, वाढायचं सोडून हे काऊन उतरून राहिलं?" इरफाननं विचारलं.

रेंडर तर सुसाट सुटलं होतं! आम्ही पार वेडे झालो. वाढव, अजून वाढव. जिथे स्क्रीन गोठायला हवी होती ती मर्यादा कधीच मागे पडली. पन्नास. चाळीस. म्हणजे खोलीएवढं. इथे थांबायला पाहिजे होतं ना? पंखा फार तर खोलीतलीच हवा मारणार, त्याच्याखाली कसं जाणार? पण आकडा उतरत एकोणीसवर आला आणि तिथेच ठरला.

सेन्सर बिघडला, मी म्हणालो, आणि खात्री करायला कार्डाच्या धातूला बोट लावलं. झटक्यानं मागे घेतलं. माठातल्या पाण्यात बोट बुडवावं तसं गार! इरफाननं लावलं, बाजीनं लावलं. अम्मी सरबत घेऊन आल्या, त्यांनी कॅबिनेटमागे हात धरला आणि विचारलं, "मंगेश बेटा, बर्फ रख दिया क्या इसमें?"

मागून गार वारा येत होता. अंगणात चोची उघड्या टाकून धापा टाकणाऱ्या त्यांच्या कोंबड्या उंबरा ओलांडून आत आल्या आणि कॅबिनेटमागे ओळीनं बसल्या. हाकलल्या तरी हलेनात.

मग कार्डावर दव धरलं. थेंब सुटायला लागले. आता मात्र माझी तंतरली, पाणी खालच्या बोर्डावर पडलं की सगळं खलास. मी बंद करायला हात पुढे केला, तर बाजीनं मनगट धरलं.

"बंद नको करू. चालू राहू दे."

अब्बांनी आतून रुईचा, सरकी काढलेल्या कापसाचा, पुंजका आणला आणि कार्डाखाली बोर्डावर पसरला. ओला झाला की पिळायचा, कोरडा लावायचा. आम्ही पाचही जण त्या डब्याभोवती बसलो होतो, कोणाला सरबताची आठवण नाही. शेवटचं चित्र तयार झालं, दाणा काळ्या मातीत पडला आणि कोंब फुटला. इरफान अक्षरशः नाचला. डीव्हीडी लिहून झाली आणि आम्ही ऑटोनं स्टेशनकडे धावलो. गाडी लागलेलीच होती.

बाजीची निवड झाली, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तेच आकडे पुन्हा टाकले. पहिल्याच पायरीला स्क्रीनवर रंगीत ठिपके पसरले आणि मशीन गोठलं. कार्ड हाताला भाजत होतं. नंतर कितीदा करून पाहिलं, पुन्हा कधीच नाही. लिनक्सच्या फोरमवर विचारलं, सगळ्यांनी सेन्सरचा दोष म्हणून सोडून दिलं. सेन्सर मान्य... पण पिळलेली रुई? आणि कोंबड्यांना कुठे आकडे वाचता येतात?

हे लिहितोय असं परवा इरफानला फोनवर सांगितलं. म्हणाला, एक गोष्ट नक्की लिही — असलं काही घडलं की माणूस भितो म्हणतात, पण त्या दुपारी आपल्यातलं कोणी भ्यालं नाही. अम्मी तर अजून म्हणतात की त्या उन्हाळ्यात घरात एवढं हसणं तेवढं एकदाच झालं होतं.