शशीताईंच्या दोन अँटेना

शशीताई इंगळे सकाळी चहाच्याही आधी रेडिओ लावायच्या. अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मी दात घासत असायची आणि पलीकडून आवाज यायचा, "वसंता, आयकू येऊन राह्यलं काय?"

वसंता म्हणजे अमरावतीजवळच्या वलगावचा त्यांचा धाकटा भाऊ. दोघांकडे हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेनं घरून बिनतारी यंत्रावर बोलायचा, परवाना होता. "ताई, घरात फोन आहे ना?" असं मी एकदा विचारलं.

"फोनवर दोघंबी संगंच बोलतात. इथं एकानं बटन सोडल्याशिवाय दुसऱ्याले बोलताच येत नाही. आयकाच लागते."

त्या पोलिसांच्या वायरलेसमधून निवृत्त झालेल्या. गच्चीवर दोन अँटेना होत्या: एक लांब तार, तिच्यावरून वलगाव लागायचं; आणि एक आखूड दांडी, गावातल्या गावात बोलायला. रेडिओला मात्र केबल लावायची जागा एकच. म्हणून ताईंनी स्वतः कॉइल गुंडाळून एक डबी बनवली होती. खालून एकच केबल वर जायची, आणि डबीतून कमी फ्रिक्वेन्सी तारेकडे, जास्तीची दांडीकडे. "ज्याले त्याले आपली वाट देल्ली का भांडन रायत नाही," त्या म्हणायच्या. घरातल्या दोन सुनांनाही त्यांनी सकाळचा आणि संध्याकाळचा स्वयंपाक असाच वाटून दिला होता.

मोर्णेला पूर आला आणि फोन बंद पडले, तेव्हा माझी आई नदीपलीकडे अडकली होती. ताई ओल्या लुगड्यानं रेडिओपुढं बसल्या. दांडीवर पलीकडच्या माणसांचं ऐकायचं, रेडिओची खुंटी फिरवायची आणि तेच तारेवरून वसंताला सांगायचं; तो त्या माणसांच्या अमरावतीतल्या नातेवाइकांना कळवायचा. केबल बदलायला एकदाही उठावं लागलं नाही. आई सुखरूप असल्याचं मला त्यांच्याच तोंडून कळलं.

पुढं वसंताच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये आवाजच गेला. त्या दिवसांत भिंतीपलीकडं सामसूम असायची. मग एका सकाळी टुकटुक ऐकू आली. ताई मान खाली घालून म्हणाल्या, "आता तो बोटानं बोलते." ताई तोंडानं बोलायच्या, तो बटण दाबून मोर्सच्या लांब-आखूड खुणांनी उत्तर द्यायचा.

हळूहळू ती टुकटुक मंदावली. एकदा पुष्कळ वेळ घेऊन त्यानं काहीतरी वाजवलं. ताईंनी मला सांगितलं, "म्हन्ते, ताई, तू बोल. मी आयकतो."

त्यानंतर ताई एकट्याच बोलायच्या. काल भाजी कोणती केली, कोणत्या सुनेनं तोंड फुगवलं. एका सकाळी त्या लहानपणीची गोष्ट सांगत होत्या. दोघांनी मिळून बापाचा नवा रेडिओ खोलला होता आणि तो परत जुळलाच नाही. सांगता सांगता त्या हसल्या. रेडिओ बंद करून उठल्या, तोच भाच्याचा फोन आला.

मी त्यांच्यासोबत वलगावला गेले. वसंताची बायको, कुसुमवहिनी, खाटेजवळ बसली होती.

"ताई, ते पहाटेच गेले."

"पहाटे?" ताई दारातच थांबल्या. "मंग मी बोलत होती तवा..."

"तवा रेडिओपाशी मी होती ना. सारं आयकलं."

"मले कळवलं काहून नाही?"

"पोरगं फोन लावूनच राह्यलं होतं. पन तुमी हासून राह्यल्या होत्या." वहिनीनं पदर तोंडाला लावला. "त्याले म्हटलं, आत्याचं बोलनं होऊ दे, मंग लाव."

ताई तिच्याजवळ खाली बसल्या. कुसुमवहिनीनं त्यांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.